वहू काय म्हणते

धुडकू पाटलांच्या घरात मंगला लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत तिनं सासऱ्यांशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि तरी घरात तिचं म्हणणं कधी अडलं नव्हतं. तापीकाठच्या गुजरांच्या घरी वहू सासऱ्यासमोर लाज काढते, म्हणजे घुंगट घेते. पदर हनुवटीच्या खाली ओढते आणि आपला आवाज त्याच्या कानावर पडू देत नाही. काही सांगायचंच झालं तर सासूच्या कानाशी लागायचं, सासू ते पुढं पोचवणार. सासू कशी भेटते यावर वहूचं सगळं नशीब.

मंगलाला मोतीबाई भेटल्या. घर त्यांना जीजी म्हणायचं.

जीजींची व्रतं गावात सगळ्यांना पाठ होती. पहाटे तापीवरून डोक्यावर घागर, पिंपळाला पाणी, तुळशीला अकरा फेऱ्या, पोथीचा एक अध्याय, मग पहिला घोट पाण्याचा. एकादशीला अन्न नाही आणि कोणत्याही दिवशी खोटं नाही. मंगला नवी नवरी असताना गोठ्यातल्या गाईचं वासरू मेलं. गडी म्हणाला, कातड्यात पेंढा भरून उभं करतो, गाय चाटत राहील, दूध देईल. सगळा गाव हेच करतो. जीजींनी करू दिलं नाही. म्हणाल्या, "मुक्या जनावरले फसाडानं? तिले कळू दे, वासरू गयं." गाय तीन दिवस हंबरली आणि आटली. त्या वर्षी घरात दूध विकत आणावं लागलं. पण मंगलाच्या मनात जीजींची जागा त्या तीन दिवसांत पक्की झाली. जी बाई गाईशी खोटं बोलत नाही तिच्या कानात आपण काहीही टाकावं, ते जसंच्या तसं राहील, असं तिला वाटलं.

आणि तसंच चाललं होतं. एकदा जेवताना बापूंनी, म्हणजे सासऱ्यांनी, भुवया उंचावल्या. "वहूले इचार, आज भाजीमा तिखट कोनी टाकं?"

मंगला जीजींच्या कानाशी वाकली. जीजींनी ऐकलं आणि चेहऱ्याची रेघ न हलवता सांगितलं, "ती म्हनस, मीठ मन्हं, तिखट तुमना शेतनं."

बापू मिशीत हसले. पदराआड मंगलाही हसली. आपला विनोद दुसऱ्याच्या तोंडून इतका नीट पोचतो याचं तिला फार अप्रूप वाटलं.

त्या माघात मंगलाला सातवा महिना होता आणि पाय सुजत होते. संध्याकाळी पैंजण उतरवावे तर मांसात रुतलेले असत. नंदुरबारला एक डॉक्टरीण बाई आली होती, तिला दाखवायचं ठरलं. बापूंना मिरचीच्या बाजारात जायचंच होतं, म्हणून सगळेच निघाले: बापू, जीजी, मंगला आणि तिचा नवरा शांतीलाल. निघताना शांतीलालनं तिला चुलीपाशी एकटी गाठून सांगितलं, "मोटारमा नीट बठाले जागा करी दिसू तुले. काळजी करू नको." सासूसासऱ्यांसमोर नवराबायको एकमेकांशी बोलत नसत, म्हणून जे सांगायचं ते त्याला असं धुरात सांगावं लागे.

मोटार रूपचंद शेठची. त्या रस्त्याला तेव्हा त्यांचीच एक मोटार होती. बाकडी दोन-दोन माणसांची, मागच्या दाराशी कंडक्टरची एकट्याची बैठक, छपरावर मिरचीची पोती. शेठ वळणाचा माणूस. त्यानं ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी रंगवून घेतली होती: 'सहकुटुंब प्रवाशांस शेजारी जागा मिळेल. तिकीट असलेल्या स्त्रियांस उभे करणार नाही अगर खाली बसविणार नाही. हुकमावरून.' बाया मोटारीला घाबरायच्या, म्हणून ही पाटी. पाटी लागल्यापासून बायांची वर्दळ वाढली होती.

चौघांची चार तिकिटं निघाली. पुढच्या बाकड्यावर बापू आणि शांतीलाल बसले, त्यांच्या मागच्या बाकड्यावर जीजी आणि मंगला. खिडकी जीजींनी मंगलाला दिली. गाठोडं पायाशी ठेवलं. कंडक्टर होता हारुन, मणियाराचा मुलगा. त्याची आई सकीना गावोगाव बांगड्या भरायची. गेल्याच आठवड्यात तिनं मंगलाच्या मनगटात हिरव्या बांगड्या सरकवल्या होत्या आणि हात चेपून म्हणाली होती, "सूज शे वं बेटी, मीठ कमी खा." त्यामुळे वाटेवरच्या गावांतल्या सगळ्या सुना हारुनच्या बहिणी होत्या आणि सगळ्या सासवा जीजी.

तीन मैलांवरच्या फाट्याला मोटार थांबली आणि रायसिंगभाऊ चढले. पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. जिनिंग सोसायटीची निवडणूक महिन्यावर आली होती. बापू तिला उभे होते आणि रायसिंगभाऊंच्या गावची मतं रायसिंगभाऊंच्या खिशात होती. मोटार भरलेली पाहून रायसिंगभाऊंनी वरची दांडी धरली, तोच बापू अर्धे उठले.

"अहो या, या. उभं कसाले ऱ्हातस? अठे बठा मन्हापाशी."

त्यांनी शांतीलालकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतीलाल आपणहून उठला आणि मागच्या बाकड्याशी येऊन उभा राहिला. बाकडं दोघांचं. जीजींनी कोपरानं मंगलाला हळूच ढोसलं. "उतर ना माय खाले. घडीभरनी वाट शे."

मंगला उतरली. वहूनं खाली बसायचं हे तिला नवं नव्हतं. घरी ती बापूंसमोर पाटावरही बसत नसे. पण घरची जमीन हलत नाही. इथं खाली पत्रा होता, पत्र्याखाली चाक होतं, एका बाजूला कोंबड्यांची डाल, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी दह्याचं गाडगं. तिनं एक हात पोटाखाली धरला आणि एक बाकड्याच्या पायाला. शांतीलाल तिच्या उबदार जागेवर बसला आणि तिला जागा व्हावी म्हणून त्यानं आपले गुडघे आवळून घेतले. चुलीपाशी दिलेला शब्द त्यानं एवढाच पाळला.

हारुन तिकिटं तपासत पुढं आला आणि थबकला.

"हाई काय? बहीननं टिकिट शे ना?"

बापू मान न वळवता म्हणाले, "हारुन, आमना घरनी गोट शे. तू पुढे जा."

"घर तुमनं बापू, बाकडं शेठनं," हारुन म्हणाला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू बापूंच्या मानेवर बसलं. मान लाल झाली.

"पोऱ्या, माले शिकाडू नको. वहू आमनी, टिकिट आम्ही काढेल शे. कोठे बठाडानं ते आम्ही पाहू."

"पाटी वाचा बापू. शेठले कळनं तं मन्ही नोकरी जाई. आनि ती दोन जीवनी शे, खाले पत्रा आदळस." मग तो शांतीलालकडे वळला, अगदी आर्जवानं. "शांतीभाऊ, तुम्ही उठा ना घडीभर. तुमना पाय तं सुजेल नहीत."

शांतीलालनं वडिलांच्या मानेकडे पाहिलं आणि तो बसून राहिला.

"माय जिंके," हारुन वैतागून स्वतःशीच म्हणाला. त्यानं दोरी ओढली. मोटार थांबली. दोन्हीकडे कापसाची रिकामी शेतं, मध्ये मोटार नुसती थरथरत उभी. "रायसिंगभाऊ, तुमनं टिकिट उभ्यानं शे, माफ करा. बहीन बठी नही तवलोंग मोटार हालनार नही."

आता मोटारीतल्या लोकांना कंठ फुटला. कुणी म्हणे बसू द्या बाईला, कुणी म्हणे चाल रे बाबा, माझी भुसावळची गाडी चुकेल. एक म्हातारी म्हणाली, "तीन-तीन बाप्ये बठेल शेतस आनि पोटुशी पोर कोंबड्याससंगे." रायसिंगभाऊ जाणते. ते टोपी सावरत उठले. "बठू द्या पाटील तुमनी वहूले. मी मांगली बैलगाडी पकडसू." आणि खरंच उतरले. जाताना हसले, ते हसू बापूंना मागच्या फिसक्यापेक्षा जास्त लागलं.

शांतीलाल पुढं गेला. हारुननं वाकून मंगलाचं गाठोडं पत्र्यावरून उचललं, बाकड्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला. "बठ बहीन." मंगला बाकड्याचा पाय धरून स्वतःच उठली. जीजींनी तिला दंडाला धरून वर घेतलं. मोटार चालू झाल्यावर जीजी तिच्या पदराजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "भला पोऱ्या शे. सकीनाना पोऱ्या ना."

मंगलानं मान हलवली. तिला वाटलं, जीजींनी आपल्या मनातलं ओळखलं.

डॉक्टरीण बाईनं पाय दाबून पाहिले, सुजेवर बोटाचा खड्डा उठलेला जीजींना दाखवला, आणि बजावलं की पोरीला धक्के बसू देऊ नका, पाय उंच ठेवून झोपवा. दोघी बाहेर आल्या तर शांतीलाल दारात उभा. "बापूंनी शेठना पेढीवर बलाएल शे. दोन्हीस्ले."

"पेढीवर? आपलं तठे काय काम?" जीजींनी विचारलं.

शांतीलाल चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "हारुननी तक्रार करेल शे."

वाटेत मिरचीचा बाजार लागला. लाल मिरचीचे ढीग उन्हात पसरलेले. मंगला पदरातून ठसकत चालली होती. तिला कळेना की तक्रार कसली. शेठच्या पाटीप्रमाणे हारुन वागला होता. त्यानं मोटार थांबवली याबद्दल शेठ त्याला काय बोलणार?

हेच बापूंनाही वाटेत कळलं असावं. जागेची तक्रार टिकणारी नव्हती. म्हणून त्यांनी दुसरी केली होती.

पेढीवर शेठ गादीवर बसले होते. बापू लोडाला टेकून, हारुन भिंतीशी उभा, तिकिटांची चामडी पिशवी अजून खांद्यावर. जीजी दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या, मंगला त्यांच्या आड.

"पाटील म्हणतात," शेठनं घसा साफ केला, "की या हारुननं भर मोटारीत तुमच्या सूनबाईंचा हात धरला आणि ओढून बाकड्यावर बसवलं."

पदराच्या जाळीतून मंगलाला हारुनचा चेहरा दिसत होता. तो घाबरलेला दिसत नव्हता. गोंधळलेला दिसत होता, एखाद्याला दुसऱ्याच्याच नावानं हाक मारावी तसा.

"शेठ, मी फकत गाठोडं उचललं," तो म्हणाला. मग जीजींकडे वळला. "जीजी, मन्ही माय तुमना हातमा बांगड्या भरस. मी बहीननं मनगट धरसू का?"

जीजींनी कनवटीची माळ काढून हातात घेतली.

"शांतीलाल, तू तर जवळच होतास," शेठ म्हणाले.

शांतीलाल म्हणाला, "बापू सांगतस तसंच."

एवढंच म्हणाला. मंगलाला त्याचा राग आला नाही. या माणसाकडून जास्त येणार नाही हे तिला सकाळीच, त्या आवळलेल्या गुडघ्यांपाशी कळलं होतं. तिला धीर होता तो शेजारी बसलेल्या बाईचा. आज एकादशी होती. जीजींनी सकाळपासून दोन खजूर आणि पाणी यावर दिवस काढला होता.

शेठनं चष्मा काढून पुसला. "हे बघा पाटील. तुमची मिरची वीस वर्षं माझ्याकडे येते, तुमच्या शब्दाला मी मान देतो. पण गोष्ट वजनदार आहे. सूनबाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी कुणाच्या पोटावर पाय देणार नाही. मोतीबाई, तुम्ही व्रतस्थ बाई. विचारा त्यांना. त्या सांगतील ते मला कबूल."

जीजींनी मान तिरकी केली. कान मंगलाच्या तोंडाशी आला. त्या कानाला मंगला चार वर्षं ओळखत होती: पाळीतलं सोन्याचं जुनं फूल, ओढलं गेलेलं भोक, मागं पांढऱ्या केसांची बट.

"जीजी, त्यानी मले हात नही लावा," ती कुजबुजली. "तुम्हीच मले वर लिन्हं. त्यानी गाठोडं उचललं. मन्हा पाय सुजेल शेतस म्हनीसन त्यानी जागा दिन्ही. त्यानी नोकरी जावाले नको."

जीजी सरळ झाल्या. त्यांनी हातातली माळ एक मणी पुढं सरकवली.

"हां म्हनस," त्या म्हणाल्या.

हारुन पदराकडे बघत होता, जणू पदर पारदर्शक होईल. मग त्यानं हळूहळू खांद्यावरून पिशवी काढली. "बहीन म्हनस तं," तो म्हणाला, "मन्हंच काही चुकनं व्हई."

मंगलाला वाटलं, जीजींनी ऐकलं नाही. बाहेर बैलगाड्यांचा आवाज होता, आपण फार हळू बोललो, जीजींचं वय झालं. तिनं जीजींचा पदर ओढला. जीजींनी पुन्हा कान दिला, आणि या वेळी मंगलानं एकेक शब्द सुटा करून, दातांमधून रेटून सांगितला. "त्यानी. मन्हा. हात. नही. धरा, जीजी."

जीजींचा हात तिच्या हातावर आला. त्यांनी तिची बोटं दाबली, माया करताना दाबत तशी नाही. आणि शेठकडे बघून म्हणाल्या, "घाबरेल शे पोर. परत परत तेच सांगस."

तेव्हा मंगलाला कळलं की जीजींना पहिल्या वेळीही सगळं नीट ऐकू आलं होतं.

एखाद्या घरात पाणी शिरावं तसं ते तिच्या आत शिरलं. राग नंतर आला. आधी नुसता गारवा आला. या बाईच्या तोंडात आपण आपली जीभ ठेवली होती. आता ती जीभ तिच्या तोंडून आपल्याविरुद्ध चालली, आणि समोरचा माणूस ते आपलंच बोलणं समजून पिशवीचा पट्टा गुंडाळतोय.

ती उठली. भिंतीला हात लावून, पोट सावरत. पदर तसाच हनुवटीखाली होता.

"शेठ, त्यानी मले हात लावा नही."

आवाज घोगरा निघाला. तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. बापूंनी तर तो कधी ऐकलेलाच नव्हता. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, बाहेरून कोण बोललं म्हणून.

"त्यानी गाठोडं उचललं. मले जीजींनी वर लिन्हं," मंगला म्हणाली. "मी जीजींले तेच सांगं. दोनदा."

शेठनं जीजींकडे पाहिलं. जीजींची नजर माळेत होती.

बापू फार शांतपणे म्हणाले, "शेठ, आमनी वहू बोलत नही."

"मग आत्ता कोण बोललं?"

"आमनी वहू बोलत नही," बापूंनी पुन्हा सांगितलं, अगदी त्याच आवाजात, आणि उपरणं खांद्यावर टाकून ते उठले.

शेठ चष्म्याची दांडी चावत राहिले. त्यांच्या मनात खरं काय ते ठरलं होतं हे दिसत होतं. पण वीस वर्षांची मिरचीही समोर उभी होती. शेवटी ते म्हणाले, "हारुन, पिशवी घे. नोकरी राहील. उद्यापासून नवापूरच्या मोटारीवर. पाटलांच्या रस्त्याला पुन्हा दिसायचं नाही." त्यांनी बापूंकडे पाहिलं. बापू तोवर चपलेत पाय घालत होते.

हारुननं पिशवी उचलली. दाराशी येताना तो थांबला आणि खाली बघूनच म्हणाला, "बहीन, मी घडीभर तुले वाईट समजनू. मनमा धरू नको." मग थोडं थांबून, "आते बठ. उभी ऱ्हाऊ नको." आणि गेला.

परतीच्या मोटारीला तासभर होता. स्टँडवरच्या बाभळीखाली बापू आणि शांतीलाल लांब जाऊन बसले. जीजींनी मंगलाला सावलीत घेतलं, खजूर पुढं केला. तिनं घेतला नाही.

"खाई ले. तुले कसला उपास?"

मंगलानं पायात रुतलेलं पैंजण सैल केलं.

"तू कसाले बोलनी वं?" जीजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मी सांगं ते पाप मन्हा डोकावर व्हतं. तुन्हावर काहीच नव्हतं. मी उद्याबी उपास करसू, परवाबी करसू, फेडी टाकसू देवनं. रायसिंगना समोर त्यास्नं नाक कापाय गयं. त्या पोऱ्याले दुसरी नोकरी भेटी जाती. शांतीना बापले दुसरं नाक भेटी का?"

मंगला ऐकत होती. तिला आश्चर्य याचं वाटलं की जीजी हे सगळं किती सरावानं बोलत होत्या. पाप कुठं ठेवायचं, उपास किती करायचा, हिशोब लावल्यासारखं सगळं जागच्या जागी. पहिल्यांदा खोटं बोललेली बाई अशी बोलत नाही. पहिल्यांदा बोलणारी अडखळते.

मोटार आली. कंडक्टर कुणी नवा होता. त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. बसण्यावरून काही झालं नाही. पुढं बापू आणि शांतीलाल, मागं त्या दोघी. जीजींनी खिडकी पुन्हा मंगलाला दिली.

मिरचीचा बाजार मागं पडला. मंगला बाहेर बघत होती आणि चार वर्षांतली आपली वाक्यं एकेक करून आठवत होती. मीठ मन्हं, तिखट तुमना शेतनं. ते पोचलं होतं, तिनं स्वतः ऐकलं होतं. पण ते समोर, एका खोलीत. जी वाक्यं घेऊन जीजी ओसरीवर जायच्या आणि उत्तर घेऊन परत यायच्या, त्यांचं काय?

गेल्या वर्षीच्या पौषात माहेराहून भाऊ निरोप घेऊन आला होता. बाप आजारी आहे, पोरीला डोळे भरून बघायचं म्हणतो. मंगला जीजींच्या कानाशी लागली: बापूंना विचारा, दोन दिवस जाऊ द्या, तिसऱ्या दिवशी येते. घरात कापूस वेचणीला माणसं कमी होती. जीजी पदर सावरत ओसरीवर गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "ना म्हंतस वं माय. कापूस निघू दे म्हंतस." पंधराव्या दिवशी बाप गेल्याची खबर आली. त्यानंतर वर्षभर मंगलानं बापूंपुढं दुधाचा पेला ठेवताना दर वेळी मनात म्हटलं होतं, तुम्ही जाऊ दिलं नाही. वर्षभर तिनं त्या माणसावर एक मुका राग धरला होता, आणि रडायला जीजींची मांडी घेतली होती.

पुढच्या बाकड्यावरून बापू बोलले. मान वळवली नाही.

"शांतीनी माय, वहूले सांग. आज व्हयनं ते व्हयनं. यापुढे या घरमा तिना आवाज मन्हा कानवर पडाले नको. तिले इचार, समजनं का."

जीजींनी सवयीप्रमाणे मान तिरकी केली. जुनं सोन्याचं फूल मंगलाच्या ओठांशी आलं.

मंगला क्षणभर त्या कानाकडे बघत राहिली. मग ती वाकली आणि अगदी स्पष्ट, एकही अक्षर न गिळता, तिनं विचारलं, "जीजी, पौषमा मन्हा बाप आजारी व्हता तवय, तुम्ही बापूले खरंच इचारं व्हतं का?"

जीजींचा कान तिथंच राहिला. मोटार एका खड्ड्यात उतरून वर आली. माळेचा मणी दोन बोटांत धरलेला होता, तो पुढं गेला नाही.

"काय म्हनस?" पुढून बापूंनी विचारलं.

जीजी सरळ झाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"समजनं म्हनस," त्या म्हणाल्या.

बापूंनी मान हलवली. शांतीलाल खिडकीबाहेर बघत होता. मंगलानं आपलं गाठोडं मांडीवरून उचललं आणि बाकड्यावर, आपल्या आणि जीजींच्या मध्ये ठेवलं.